पहाटे चारचा प्रश्न

रेक्टरची खोली : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

(या सदराचे लेखक कोल्हापुरातल्या एका विद्यार्थी वसतिगृहात २९ वर्षं रेक्टर होते. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.)

प्रश्न : आदरणीय सर,

मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव राधानगरी रोडला. घरी सव्वा एकर ऊस आणि दोन म्हशी. निम्मी फी शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्तीतनं सुटली, उरलेली आबांनी सोसायटीचं कर्ज आणि आईच्या दुधाच्या बिलातनं भरली. राजारामपुरीत आम्ही तिघं एका खोलीत राहतो. एकाचं चाकणला झालं, एकाचं हिंजवडीला. माझे चार इंटरव्ह्यू झाले, चारही पहिल्याच फेरीत गेले. शेवटच्या वेळी त्यांनी विचारलं, ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?’ मी गप्पच बसलो. मला खरंच काही दिसलं नाही.

घरी सांगितलंय की एका कंपनीची दुसरी फेरी बाकी आहे. अशी फेरी नाहीच. आबा दर शनिवारी फोनवर विचारतात, ‘काय, आलं का पत्र?’ म्हणून जानेवारीपासून गावी गेलेलो नाही. प्रोजेक्ट आहे म्हणून सांगतो.

प्रोजेक्ट गुऱ्हाळाच्या चुलाणावर, म्हणजे भट्टीवर आहे. उसाचं चिपाड कमी जळावं म्हणून हवा कुठनं आणि किती सोडायची, असा. डिसेंबरात आम्ही एका गुऱ्हाळावर रात्रभर थांबलो आणि थर्मोकपल लावून काहिलीतलं, म्हणजे रस उकळतो त्या मोठ्या कढईतलं तापमान घेतलं. तिथले गुळवे म्हातारे आहेत. ते नुसते बुडबुडे बघतात, थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी चाचपतात आणि म्हणतात, ‘उतरा.’ त्याच वेळी आमच्या मीटरवर ११८ अंश दिसत होतं. तीन काहिली बघितल्या, तिन्ही वेळा एक-दोन अंशांच्या आत. त्यांनी विचारलं, ‘तुमच्या कागदात आमचं नाव येतंय काय?’ पण आता त्यातही मन लागत नाही. रिपोर्ट लिहायचा राहिलाय.

रोज पहाटे चारला जाग येते, नंतर झोप नाही. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. डबा येतो तसाच परत जातो. रंकाळ्यावर पळायला जायचो, तेही महिनाभर बंद आहे. डोक्यात एकच प्रश्न येतो, माझ्या जगण्याचा उपयोग काय? सगळ्यांना काहीतरी व्हायचंय, मलाच काही नाही.

ता. क. कधीकधी वाटतं, सकाळी जागच आली नाही तर बरं.

उत्तर : लेका, ताज्या कलमात माणसं ‘छत्री विसरली, कुणाबरोबर तरी पाठवा’ असलं काहीतरी लिहितात. तू तिथं पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य टाकलंस. दाराबाहेर पाऊल टाकता टाकता बोलल्यासारखं. मी आयुष्यभर पोरांच्या खोल्यांच्या दारात उभा राहिलोय. जाता जाता बोललेलंच खरं बोलणं असतं, हे मला माहीत आहे.

मासिक छापून यायला महिना लागतो, आणि ते वाक्य महिनाभर थांबण्यासारखं नव्हतं. म्हणून पत्र फोडलं त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला. आडून आडून न विचारता सरळच विचारलं, ‘मरायचं मनात येतंय काय?’ (असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. विचारलं की माणूस थोडा मोकळा होतो. घरच्यांनीही हे ध्यानात ठेवावं.) तू बराच वेळ गप्प होतास. मग म्हणालास, ‘करायचं असं नाही सर, पण येतंय.’ पुढं आपलं काय ठरलं, ते तुझ्या परवानगीनं इथं लिहितोय, कारण हे पत्र वाचणारा तू एकटा नाहीस.

पण आधी मी एवढी घाई का केली ते सांगतो.

वसतिगृहात मेसचं रजिस्टर असतं. कुणी जेवायला नसलं की त्याच्या नावापुढं खाडा पडतो आणि महिनाअखेर खाड्यांचे पैसे वजा होतात. माझ्या बाराव्या की तेराव्या वर्षी, मार्च महिन्यात, चंदगडकडच्या एका मुलाचे सलग अकरा खाडे पडले होते. मी सही केली आणि हिशेब बरोबर लावून अकरा दिवसांचे पैसे वजा केले. एका रात्री तो पेटी तशीच ठेवून निघून गेला. चार महिन्यांनी त्याचा थोरला भाऊ त्याला गोव्यातून घेऊन आला. तिथं एका हॉटेलात भांडी घासत होता. जिवंत होता, धडधाकट होता, आज दोन मुलांचा बाप आहे. पण ते चार महिने मी विसरलेलो नाही. रजिस्टर माझ्या टेबलावर होतं. अकरा दिवस तो मुलगा त्या कागदावर ओरडत होता आणि मी बेरीज करत होतो. त्यानंतर माझा नियम झाला, तीन खाडे सलग पडले की खोलीवर जायचं. काही विचारायचं नाही. कॉटवर बसायचं आणि म्हणायचं, ‘चल, चहा पिऊन येऊ.’

तुझा डबा परत जातोय हे वाचलं, आणि ते रजिस्टर डोळ्यांपुढं आलं.

आता तुझं. पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, भूक मरणं, जे आवडायचं त्यातलं मन उडणं, सकाळी सगळ्यात जड वाटणं, आणि हे पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालणं, याला डॉक्टरांकडं नाव आहे. नैराश्य. मी डॉक्टर नाही, तुला ते झालंय असं मी म्हणणार नाही. ते बघायचं काम त्यांचं. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, मनोविकार विभाग आहे, केसपेपर काढायचा आणि बसायचं. आजूबाजूला कोण बसलंय ते बघ. ऊसतोडीची बाई असेल, बँकेतला माणूस असेल, तुझ्यासारखंच कुणी कॉलेजचं असेल. ‘वेड्याचा डॉक्टर’ हा शब्द आपल्याकडं अजून चालतो. चालू दे. दात दुखला की आपण ‘दातवेड्याचा डॉक्टर’ म्हणत नाही.

कदाचित ते थायरॉइड आणि बी-१२ तपासायला रक्त घेतील. त्यांच्या गडबडीनंही माणूस असा गळतो. कदाचित नुसतं बोलतील, कदाचित गोळ्या देतील. दिल्या तर दोन गोष्टी ध्यानात ठेव. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्तही, त्यामुळं चौथ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नकोस. आणि बरं वाटायला लागलं की आपल्याच मनानं बंद करू नकोस. ‘सवय लागते, आयुष्यभर घ्याव्या लागतात’ हे जे खोलीत कुणीतरी नक्की सांगेल, ते झोपेच्या काही गोळ्यांबद्दल ऐकलेलं असतं, ते सगळ्याला लावतात. शंका असली तर डॉक्टरांनाच विचार.

आपलं ठरलंय की चाकणवाला मित्र तुझ्याबरोबर येईल. त्याला तू सगळं सांगणार आहेस, ताज्या कलमासकट. रात्री-अपरात्री तो विचार जोर करायला लागला तर त्याला उठवायचं, ‘त्याची झोपमोड होईल’ हा हिशेब करायचा नाही. आणि १४४१६ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवायचा. टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, २०२२ पासून सुरू झालेली, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं. पलीकडं तुला न ओळखणारं माणूस असतं. कधीकधी तेच सोपं जातं.

एवढं मार्गी लागलं. आता तुझ्या प्रश्नाकडं येतो.

‘माझ्या जगण्याचा उपयोग काय’ हा प्रश्न तुला पहाटे चारला पडतो. मला सांग, दुपारी चारला कधी पडलाय? पोटात दोन भाकरी आणि आमटी असताना, उजेडात, कुणीतरी शेजारी बसलेलं असताना? पडून बघ. म्हणजे मुद्दाम पाडून बघ. एक दिवस तोच प्रश्न, त्याच शब्दांत, वहीत लिही आणि दुपारी चार वाजता वाच. माझा अंदाज आहे की तो प्रश्न तेव्हा जरा बारीक दिसेल, आणि थोडा वेगळाही. ‘मला नोकरी नाही मिळाली तर आबांचं कर्ज कसं फिटणार’ असला काहीतरी. तो अवघड आहे, पण त्याला हातपाय आहेत. पहाटे चारच्या प्रश्नाला हातपाय नसतात. त्याचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही, आणि उपाशीपोटी तर कुणीच देऊ नये.

हे मी पुस्तकातनं सांगत नाही. १९८४ ला मी एम.ए. झालो. इतिहास. त्यानंतर दोन वर्षं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड खिशात घालून फिरलो. सकाळी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचं, पेपरातल्या जाहिराती उतरवायच्या, संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभं राहायचं. तिथं म्हशी बांधलेल्या, समोर धार काढून पैलवानांना ग्लास भरून देतात. मी नुसता बघत उभा राहायचो. ग्लासाचे पैसे असायचे, पण मी काही केलेलं नाही तर दूध कशाला प्यायचं, असं वाटायचं. बघ, डोकं कुठवर जातं. म्हशीनंसुद्धा माझ्याकडं असं बघितलं नसेल.

१९८६ च्या जूनमध्ये एका वसतिगृहाचे रेक्टर आजारी पडले. चार महिन्यांसाठी बदली माणूस हवा होता. मला पोरं आवडत नव्हती, आणि वसतिगृह म्हणजे मला कटकट वाटायची. राहायला फुकट खोली म्हणून गेलो.

इमारत चढावर होती. नळाला पाणी यायचं पहाटे चारला, तेही तासभर, आणि ते खालच्या हौदात. हौदातनं वर टाकीत मोटरनं चढवायचं. मोटरचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, गळका, त्यामुळं रोज आधी बादलीनं पाणी ओतून पाइप भरून घ्यायचा आणि मगच बटण दाबायचं. नाहीतर मोटर नुसती फिरते, पाणी चढत नाही. तू मेकॅनिकलचा, तुला कळेल. ८४ पोरांच्या आंघोळी त्या टाकीवर. पहिल्या दिवशी मी झोपलो, आणि सात वाजता ८४ पोरं टॉवेल गुंडाळून माझ्या दारात.

दुसऱ्या दिवसापासून मी चारला उठायला लागलो. म्हणजे उठायचो मी आधीही चारलाच, दोन वर्षं. तोच अंधार, छातीवरचं तेच ओझं. फरक एवढाच, की आता अंथरुणात पडून छताकडं बघत बसायची सोय नव्हती. पाणी आलेलं असायचं. थंडीत ती बादली ओतताना माझ्या तोंडून काय काय निघायचं ते मासिकात छापता येणार नाही. पण पाइप भरला, मोटरचा आवाज बदलला, पाणी चढायला लागलं की मी पायरीवर बसायचो. तिथं बसलो असताना जगण्याचा उपयोग काय असं मनात यायचं नाही. टाकी भरत आली का, हे यायचं.

मी तेव्हा बरा झालो तो मोटरमुळं, असं म्हणणार नाही. पुढंही वाईट दिवस आले, एकदा मी स्वतः डॉक्टरांकडं गेलो, सहा महिने गोळ्या घेतल्या. आणि चार महिन्यांसाठी गेलेला मी २९ वर्षं राहिलो, यात माझं ध्येय वगैरे काही नव्हतं. निवृत्तीच्या भाषणात लोक म्हणाले, ‘सरांनी वसतिगृहाला आयुष्य वाहिलं.’ मी मनात म्हटलं, फूटव्हॉल्व्ह बदलायला संस्थेनं नऊ वर्षं लावली, तेवढ्यात सवय झाली.

म्हणून पाच वर्षांनी कुठं असेन हे तुला दिसलं नाही, याची लाज वाटून घेऊ नकोस. विचारणाऱ्यालाही स्वतःचं दिसत नसतं. इंटरव्ह्यूसाठी त्याचं एक साधं उत्तर तयार ठेव, पाठ कर, आणि ते आयुष्याला लावू नकोस.

रेक्टर लोकांची एक नामुष्की सांगतो, म्हणजे तुला जरा बरं वाटेल. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा एक मुलगा कोल्हापूरला जैन बोर्डिंगात शिकायला होता. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं, त्याच्या उद्घाटनाला हा गेला आणि परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला नाही म्हणाला. बोर्डिंगातनं बाहेर काढला. पुढं मॅट्रिकही पूर्ण झाली नाही. मग तो ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरला. त्या वेळच्या कुठल्याही बापाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, पोरगं वाया गेलं. १९१९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कराडजवळच्या काले गावात त्यानं रयत शिक्षण संस्था काढली. भाऊराव पाटील. सगळ्या पश्चिम महाराष्ट्राला ठाऊक असलेली गोष्ट आहे, पण ती सांगताना लोक कंदील आणि नांगर घाईनं उरकतात. मला तोच भाग आवडतो. बांधाबांधावर जाऊन, नांगर खाली ठेवून, शेतकऱ्याशी बोलताना त्यांनी काय काय बघितलं असेल! तुला कर्मवीर व्हायला सांगत नाही, घाबरू नकोस. कोणाला काय हवंय हे खोलीत बसून कळत नाही, एवढंच त्या नांगरांकडं बघून मला वाटतं.

आता तुझ्या पत्रातलं मला जे दिसलं ते. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. जवळजवळ सगळी वाक्यं थकलेली आहेत. फोन, कर्ज, फेरी, खोली. आणि मध्येच गुऱ्हाळ येतं आणि पत्राचा आवाज बदलतो, मोटरचा बदलायचा तसा. ‘तीन काहिली बघितल्या, तिन्ही वेळा एक-दोन अंशांच्या आत.’ हे लिहिताना तू स्वतःला विसरला होतास. रात्रभर चुलाणापुढं बसलास, धुरानं डोळे चुरचुरले असतील, आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या बोटांत थर्मामीटर आहे हे तू आकड्यांत धरलंस. त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगू शकतं, की तुम्ही ‘उतरा’ म्हणता तेव्हा ११८ असतं. आणि हे सांगू शकणारा मुलगा राजारामपुरीत छताकडं बघत पडलाय.

गूळ हेच तुझं ध्येय, असा निष्कर्ष काढू नकोस. एका रात्रीवरनं आयुष्य ठरत नाही. माझं म्हणणं बारकं आहे. त्या गुळव्यांनी विचारलं, ‘कागदात आमचं नाव येतंय काय?’ आणि तू उत्तर दिलेलं नाहीस. हंगाम संपत आलाय. एकदा गुऱ्हाळ थंड पडलं की ते माणूस शेतावर जाईल, नाहीतर मुलाकडं, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत भेटणार नाही. तर तू एवढंच कर. रिपोर्टचं आभाराचं पान आधी लिही. बाकीचं राहू दे. त्यात त्यांचं नाव, गाव, आणि ‘यांच्या हाताचा अंदाज आणि यंत्राचा आकडा यांत दोन अंशांपेक्षा जास्त फरक आढळला नाही’ एवढं वाक्य. प्रिंट काढ, गुऱ्हाळावर जा, वाचून दाखव. त्यांना इंग्रजी येत नसेल तर मराठीतनं सांग. ते बहुतेक काही बोलणार नाहीत, गरम गुळाचा खडा हातावर ठेवतील. तो खा. डबा परत जात असला तरी.

आणि पहाटे चारला जाग आलीच तर अंथरुणात राहू नकोस. रंकाळ्याची पूर्ण फेरी नको, एवढ्यात होणार नाही. चपला घालून खाली उतर, दूधवाल्याची किंवा पेपरवाल्याची सायकल दिसेपर्यंत चाल आणि परत ये. मन तयार झालं की पाय निघतील, असं धरून बसलास तर मन बसूनच राहतं. फूटव्हॉल्व्ह गळका असताना आधी बादली ओतायला लागते, तसलंच आहे हे. हे माझं नाही, मला गोळ्या देणारे डॉक्टरही असंच म्हणाले होते, फक्त त्यांना मोटरचं माहीत नव्हतं.

नोकरीचं थोडक्यात. कॉलेजच्या प्लेसमेंटला आलेल्या चार कंपन्या म्हणजे जग नव्हे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत, सगळीकडं फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत, आणि भट्टीजवळ उभं राहायची सवय असलेला पदवीधर त्यांना रोज मिळत नाही. अप्रेंटिसशिपचा १९६१ चा कायदा आहे, त्याखाली पदवीनंतर वर्षभर स्टायपेंडवर काम शिकता येतं. पगार म्हणून तो थोडाच आहे. पण चाकणवाल्याच्या आकड्याशी तुलना करायचं काम सध्या बंद ठेव. डॉक्टरांकडं जाऊन आल्यावर, जेवण सुरू झाल्यावर, पुढच्या महिन्यात हा विषय काढू. आज नाही.

राहिले आबा. फोनवर सांगू नकोस. फोनवर बाप-लेकांना एकमेकांचं गप्प राहणं कळत नाही, नुसता आवाज गेल्यासारखा वाटतो. घरात, आईसमोर, ताटावर बसूनही नको. गावी जा, आणि शेतीची लाइट रात्रीची असेल त्या आठवड्यात जा. उसाला पाणी पाजायला आबांबरोबर रात्री रानात चल. अंधार असतो, दोघांचं तोंड सरीकडं असतं, हातात खोरं असतं. आमच्या भागातली निम्मी खरी बोलणी अशीच होतात. तिथं सांग, ‘आबा, दुसरी फेरी नव्हतीच. मी पहिल्यातच गेलो. सांगायची लाज वाटली. आणि माझी तब्येत बरी नाही, झोप लागत नाही, मी डॉक्टरांकडं जातोय.’ एवढीच चार वाक्यं. जास्त बोलू नकोस.

ते चिडतील का? चिडतील थोडे. शिवी येईल. मग बराच वेळ गप्प राहून दारं मोडतील, म्हणजे पाण्याची. वसतिगृहात कितीतरी बापांना मी मुलाचं असलं काहीबाही सांगितलंय. दाराशी उभं राहून, टोपी हातात घेऊन ऐकायचे. नापास झालाय म्हटलं की तोंड पडायचं. ‘आजारी आहे’ म्हटलं की पहिला प्रश्न एकच यायचा, ‘जेवतोय का?’

तू ते दोन्ही एकत्र सांगणार आहेस. आणि त्या शनिवारच्या फोनचं मला वेगळंच वाटतं. ‘आलं का पत्र’ हे विचारायला त्यांना दुसरे शब्द सापडत नसतील. कसा आहेस, हे मराठी बापाला विचारता येत नाही.

दर रविवारी संध्याकाळी सात वाजता मला फोन करायचा, हे ठरलेलं आहे. एक रविवार चुकला तर चालेल. दोन चुकले तर मी राजारामपुरीत येईन, कॉटवर बसेन आणि चहाला चल म्हणेन. पत्ता माझ्याकडं आहे, पाकिटावर तूच लिहिलायस.

प्रश्न : सर, नमस्कार. माझी मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन महिने झाले, कॉलेजमधनं आली की खोलीचं दार लावून बसते. विचारलं तर ‘काही नाही’. मैत्रिणी एम.एस्सी.चे फॉर्म भरतायत, ही बघतही नाही. माझी बहीण म्हणते, स्थळं बघायला लागा, आपोआप रुळावर येईल. काय करू?
— एक आई, उचगाव

उत्तर : ताई, स्थळांचं आत्ता नको. ताप आलेल्या माणसाला कुणी बोहल्यावर उभं करत नाही.

बंद दारातनं ‘काय झालं’ विचारलं की आतनं ‘काही नाही’ असंच येतं. ते तुमच्यावरचं उत्तर नाही, प्रश्नावरचं आहे. दार ठोठावून मदत मागा. रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजाराला जायचंय, गाडी काढ म्हणा. गाडी तिला चालवू द्या आणि तुम्ही मागं बसा. मागच्या सीटवरच्या माणसाशी मुलं जास्त बोलतात, डोळ्याला डोळा लागत नाही ना. पहिल्या रविवारी काही बोलणार नाही. वांगी घ्या, कोथिंबिरीवर घासाघीस करा, परत या. तिसऱ्या-चौथ्या रविवारी बोलेल.

तोवर फक्त दोन गोष्टींवर लक्ष ठेवा, झोप आणि जेवण. ती बिघडली असतील, किंवा ‘मी नसले तरी चालेल’ असं काही तिच्या तोंडून गेलं, तर रविवारची वाट बघू नका. सरळ विचारा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडं घेऊन जा. वरच्या उत्तरातला नंबर तुमच्यासाठीही आहे, आईनं फोन केला तरी चालतो.

फॉर्मची तारीख गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा येते. आणि बहिणीला माझा नंबर द्या. त्यांच्याशी मी बोलतो.